उंदराची शुगर उतरली, पण ती उतरवली कोणी?

सहा नंबरच्या उंदराच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेतला, ग्लुकोमीटरवर १३५ आले आणि मी हातमोजे न काढताच शेजारच्या खोलीत धावत गेले. अडीच महिन्यांपूर्वी याच उंदराची शुगर चारशेच्या वर होती. त्याच्या डाव्या मूत्रपिंडावर आम्ही मानवी स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यातून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून, वाढवलेल्या पेशी बसवल्या होत्या. आता शुगर उतरली, म्हणजे पेशी इन्सुलिन बनवायला लागल्या, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं. सोळाव्या आठवड्यात ते मूत्रपिंड काढलं. बसवलेल्या पेशी खरंच काम करत असत्या, तर एक-दोन दिवसांत शुगर परत चढली असती. दुसऱ्या दिवशी १३२ आली. आठवड्याने १२८.

त्या उंदराचं स्वतःचं स्वादुपिंडच सावरलं होतं. आमच्या पेशींनी काहीच केलं नव्हतं.

मी मूळची पशुवैद्य. प्रयोगशाळेत आले ती शस्त्रक्रियेसाठी, आणि पुढे मधुमेहाच्या प्रत्यारोपणाच्या कामातच रमले. त्या एका उंदरामुळे माझी काम करायची पद्धत बदलली. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी जे शिकवते, ते इथे लिहिते आहे. हे वाचून कुणी एकट्याने सुरुवात करायची नाही. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची लेखी परवानगी, हाताशी अनुभवी पशुवैद्य आणि भूल देण्याचं प्रशिक्षण असेल, तरच पुढचं उपयोगाचं.

पुरावा आधी ठरवा

प्रयोगाची वही उघडलीत की पहिल्या पानावर शेवट लिहा. कोणता निकाल आला तर ‘पेशींनी इन्सुलिन बनवलं’ असं म्हणायचं, हे उंदीर मागवण्याआधी ठरलेलं हवं. माझ्या वहीत चार अटी असतात. उंदराच्या रक्तात माणसाचं सी-पेप्टाइड सापडलं पाहिजे. ग्लुकोज दिल्यावर ते वाढलं पाहिजे. ग्राफ्ट, म्हणजे बसवलेल्या पेशी, काढल्यावर शुगर परत चढली पाहिजे. आणि शेवटी उंदराच्या स्वतःच्या स्वादुपिंडात बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, जवळजवळ उरलेल्या नाहीत, हे दिसलं पाहिजे.

सी-पेप्टाइडचा आग्रह का, ते नीट समजून घ्या. बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन बनवते. ते कापलं गेलं की इन्सुलिनचा एक रेणू आणि सी-पेप्टाइडचा एक रेणू असे जोडीने बाहेर पडतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणून सी-पेप्टाइड सापडलं की ते कुठल्या तरी पेशीने बनवलं हे नक्की, आणि माणसाचं सी-पेप्टाइड तेवढंच ओळखणारी चाचणी वापरली की ती पेशी उंदराची नव्हे हेही नक्की.

हा धडा सगळ्या क्षेत्राला मिळालेला आहे. २००१ साली उंदराच्या भ्रूणीय स्टेम सेलपासून इन्सुलिन असलेल्या पेशी बनवल्याचा शोधनिबंध आला आणि मोठी आशा निर्माण झाली. २००३ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की त्या पद्धतीने बनवलेल्या पेशींमधलं इन्सुलिन बऱ्याच अंशी बाहेरून शोषलेलं होतं. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या कल्चरच्या मीडियातच इन्सुलिन घातलेलं असतं. पेशींनी ते आत ओढून घेतलं आणि रंगवल्यावर त्या चमकल्या. म्हणून नुसतं इन्सुलिनसाठी रंगवून समाधान मानू नका. त्याच काचपट्टीवर सी-पेप्टाइडही रंगवा.

कोणता उंदीर

मानवी पेशी बसवायच्या असतील तर साधा उंदीर चालत नाही, त्याची प्रतिकारशक्ती काही दिवसांतच ग्राफ्ट नाकारते. आम्ही एनएसजी जातीचे उंदीर वापरतो. त्यांच्यात टी पेशी, बी पेशी आणि नॅचरल किलर पेशी नसतात. साहजिकच कुठलाही संसर्ग त्यांना झेपत नाही. पिंजरा, भुसा, खाणं, पाणी सगळं निर्जंतुक हवं आणि उघडायचं ते फक्त हवा गाळणाऱ्या हूडखाली. एनओडी उंदराला मधुमेह आपोआप होतो, कारण त्याची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते. टाइप १ मध्ये पेशींवर होणारा हल्ला अभ्यासायचा असेल तेव्हा तो घ्यावा. पेशी इन्सुलिन बनवतात का एवढाच प्रश्न असेल, तर त्या हल्ल्याची भर घालून गुंता वाढवू नका.

बीटा पेशी मारून मधुमेह घडवणारं औषध म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन. नरांना त्याने मधुमेह लवकर होतो, माद्या बऱ्याच प्रमाणात तग धरतात. एकाच गटात दोन्ही मिसळले तर आकडे इकडेतिकडे पसरतात, तेव्हा संख्या समान ठेवून दोघांचा हिशेब वेगळा करा. नुसतं पोट उघडून बंद केलेला, पेशी न बसवलेला गट कधीही वगळू नका. सहा नंबरच्या वेळी आमचा असा गट फक्त तीन उंदरांचा होता. तो मोठा असता तर काही उंदीर आपोआप सावरतात हे आधीच दिसलं असतं.

मधुमेह आधी की पेशी आधी

पूर्वी आम्ही आधी स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन उंदराला मधुमेही करत असू आणि मग पेशी बसवत असू. पूर्ण तयार आयलेट, म्हणजे स्वादुपिंडातले बीटा पेशी असलेले पुंजके, बसवायचे असतील तर ते बरोबर आहे, कारण त्यांचा परिणाम काही दिवसांत दिसतो. पण स्टेम सेलपासून बनवलेल्या, अजून बीटा पेशी न झालेल्या पूर्वज-पेशी बसवल्या, तर त्यांना उंदराच्या अंगात पिकायला तीन महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. तेवढा काळ तो जीव तहानलेला, ओल्या भुशात बसलेला, दिवसेंदिवस वाळत जाणारा ठेवायचा? मला ते पाहवत नाही. त्यातून निकालही गढूळ होतो, कारण तितक्या अवधीत काही उंदरांच्या स्वतःच्या बीटा पेशी सावरतात.

म्हणून आता उलटा क्रम. आधी निरोगी उंदरात पेशी बसवायच्या, त्या पिकू द्यायच्या, मानवी सी-पेप्टाइड दिसू लागलं की मग स्ट्रेप्टोझोटोसिन द्यायचं. २००८ साली भ्रूणीय स्टेम सेलपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पूर्वज-पेशी उंदरांत बसवण्याचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्यात हाच क्रम होता. तो चालतो त्याचं कारण सुरेख आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रेणूचा एक भाग ग्लुकोजसारखा असतो, त्यामुळे ते ग्लुट-२ या ग्लुकोजच्या दारातून पेशीत शिरतं आणि आत जाऊन डीएनए मोडतं. उंदराच्या बीटा पेशीवर हे दार भरपूर असतं. मानवी बीटा पेशीचा भर मुख्यतः ग्लुट-१ वर असतो. उंदराच्या बीटा पेशी मारणारा डोस मानवी पेशी बऱ्यापैकी सोसतात. ग्राफ्ट खरा असेल तर उंदराचं स्वादुपिंड गेल्यावरही त्याची शुगर चढत नाही, आणि त्या जिवाला मधुमेह भोगावाच लागत नाही.

ग्राफ्ट नसलेल्या गटाला मात्र तो होतोच. त्यांच्यासाठी इन्सुलिन तयार ठेवा.

स्ट्रेप्टोझोटोसिन

आमची चूक इथेच झाली होती. हे औषध पाण्यात फार वेळ टिकत नाही. ४.५ पीएचच्या थंडगार सायट्रेट बफरमध्येच ते विरघळवायचं, आणि विरघळवल्यापासून दहा मिनिटांच्या आत टोचून संपवायचं. त्या दिवशी आम्ही सगळ्या उंदरांसाठी एकच मोठी नळी भरली. शेवटच्या उंदरांची पाळी येईपर्यंत अर्धा तास उलटून गेला होता, आणि सहा नंबर त्या शेवटच्यांत होता.

आता कोरडी पूड लहान-लहान नळ्यांत आधीच तोलून, वर चांदीचा कागद गुंडाळून ठेवतो. तीन-चार उंदरांपुरती एक नळी. ती बफरमध्ये विरघळली की लगेच टोचायचं आणि उरलेलं फेकायचं. एकच मोठा डोस द्यायचा असेल तर साधारण १५० ते २०० मिलीग्रॅम प्रति किलो, पोटात. २५ ग्रॅमच्या उंदराला १५० च्या हिशेबाने ३.७५ मिलीग्रॅम होतात; एका मिलीलीटरमध्ये १५ मिलीग्रॅम असं द्रावण केलं तर पाव मिलीलीटर. दुसरी रीत रोज ४० ते ५० मिलीग्रॅम प्रति किलो, सलग पाच दिवस. तुमच्या उंदरांना किती लागतो हे पुस्तकातून घेऊ नका, आधी तीन-चार उंदरांवर पाहा. जात, वय, वजन, औषधाचा बॅच, सगळ्याने फरक पडतो. टोचण्याआधी चार ते सहा तास खाणं काढून ठेवायचं, पाणी मात्र तसंच ठेवायचं.

पहिले दोन दिवस सांभाळायचे. मरणाऱ्या बीटा पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम सोडतात, शुगर धाडकन खाली येते आणि उंदीर रात्रीतून दगावतो. म्हणून पाण्याच्या बाटलीत दहा टक्के साखर घालून ठेवायची. हे औषध माणसालाही घातक आहे, कर्करोगाला कारण होऊ शकतं. पूड फ्यूम हूडमध्येच तोला आणि टोचल्यानंतरच्या दिवसांतला भुसा साध्या कचऱ्यात टाकू नका.

मधुमेह झाला हे ठरवायला एक आकडा पुरत नाही. उंदीर पकडताना घाबरला तरी शुगर वर जाते. वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेळी, लागोपाठ दोनदा ३०० मिलीग्रॅम प्रति डेसीलीटरच्या वर आली तरच तो मधुमेही. सहा नंबरची आम्ही एकदाच मोजली होती.

पेशी

पेशी बनवण्याची रीत इथे पूर्ण सांगत बसत नाही. ते चार-पाच आठवड्यांचं वेगळं काम आहे आणि आमच्याकडे ते दुसरी मंडळी करतात. थोडक्यात, गर्भात स्वादुपिंड ज्या पायऱ्यांनी घडतं त्याच पायऱ्या ताटलीत चढायच्या. ॲक्टिव्हिन-ए या प्रथिनाने अंतःस्तर, म्हणजे गर्भातल्या ज्या थरातून स्वादुपिंड येतं तो थर, घडवायचा, मग रेटिनोइक ॲसिड आणि इतर संकेत देऊन पीडीएक्स-१ हे स्वादुपिंडाच्या पेशीची खूण असलेलं प्रथिन ज्यांच्यात आहे अशा पेशींपर्यंत यायचं, त्यातून पीडीएक्स-१ आणि एनकेएक्स ६.१ ही दोन्ही प्रथिनं असलेल्या पूर्वज-पेशी, आणि शेवटी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी.

शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने मात्र तीन गोष्टी विचारल्याशिवाय पेशी हातात घ्यायच्या नाहीत. जिवंत किती टक्के आहेत? एनकेएक्स ६.१ असलेल्या किती? आणि अजूनही स्टेम सेलच राहिलेल्या किती? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मागे राहिलेल्या थोड्याशा स्टेम सेलसुद्धा मूत्रपिंडावर टेराटोमा, म्हणजे नाना प्रकारच्या पेशींची गाठ, उगवतात. तो कापला की आत कूर्चा, आतड्यासारख्या नळ्या, काळपट रंगद्रव्य असं काहीबाही सापडतं. २००८ च्या त्या प्रयोगातही काही उंदरांत अशा गाठी आढळल्या होत्या. उद्या हीच पेशी माणसाच्या अंगात जायची आहे, म्हणून प्रत्येक ग्राफ्टची गाठीसाठी तपासणी करायचीच. २०२५ मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीच्या, माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले. स्टेम सेलपासून बनवलेल्या आयलेटचा पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण एका वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन न घेता राहत होते. असा दिवस उजाडण्यामागे अशा कंटाळवाण्या तपासण्यांची कित्येक वर्षं आहेत.

पेशींचे गोळे १०० ते २०० मायक्रॉनचे असावेत. मोठे गोळे मधून कुजतात, कारण नव्या रक्तवाहिन्या आत शिरायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर प्राणवायू फक्त कडेने झिरपतो. तयार बीटा पेशी असतील तर थोड्या गोळ्यांवर डायथिझोन हा रंग टाकून बघा. इन्सुलिनच्या कणांतलं जस्त लालभडक होतं. ते बघायला मला आजही आवडतं.

मूत्रपिंडाच्या आवरणाखाली

ही जागा माणसात वापरत नाहीत. माणसाला आयलेट बहुधा यकृताच्या रक्तवाहिनीतून देतात. तरी उंदरात मूत्रपिंडच घ्या. तिथे रक्तपुरवठा चांगला, पेशी एका जागी राहतात, आणि मुख्य म्हणजे ते सबंध काढता येतं. यकृतात विखुरलेल्या पेशी परत गोळा करता येत नाहीत, म्हणजे माझी तिसरी अट तिथे पूर्णच होत नाही.

डावं मूत्रपिंड उजव्यापेक्षा थोडं मागे, सोयीच्या जागी असतं. आयसोफ्लुरेनने भूल द्या, वेदनाशामक चीर देण्याआधीच टोचा, डोळ्यांना मलम लावा, खाली ऊबदार पॅड ठेवा. भुलेतला उंदीर पाहता पाहता थंड पडतो. त्याला उजव्या कुशीवर निजवायचं, डावी कूस भादरून निर्जंतुक करायची आणि शेवटच्या बरगडीच्या मागे एक-दीड सेंटिमीटरची चीर द्यायची. आत गडद लाल पट्टीसारखी प्लीहा दिसते, मूत्रपिंड तिच्याजवळच. चिमट्याने ओढू नका. चिरेच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी हलका दाब दिला की ते आपणहून वर येतं. वर आलं की कोमट सलाईनचा थेंब, आणि पुढे सतत थेंब. आवरण कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ असतं. वाळलं की चुरगळून फाटतं.

पेशी आधीच बारीक पॉलिथीन नळीत भरून, नळी दुमडून, सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवून एका टोकाला घट्ट बसवलेल्या असतात. सैल पेशी सोडल्या तर द्रवाबरोबर वाहून जातात. मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला सुईच्या अणीने आवरणाला एक-दोन मिलिमीटरची खाच पाडायची. तिच्यातून बोथट टोकाची नळी आवरणाखाली सरकवायची, सुईत दोरा ओवताना हात जितका हलका असतो तितका हलका. मूत्रपिंडाच्या मांसात टोक घुसलं तर रक्त येतं, आणि त्या रक्तात पेशी गुदमरतात. नळी वरच्या टोकाकडे नेऊन पेशी खाचेपासून दूर, सावकाश सोडायच्या. आवरणाखाली पांढुरका डाग पसरलेला दिसला की क्षणभर थांबा, मग नळी मागे घ्या. घाईने ओढली तर पेशी तिच्यामागोमाग बाहेर येतात. खाचेला कॉटरीचा, म्हणजे तापलेल्या टोकाच्या उपकरणाचा, ओझरता स्पर्श, मूत्रपिंड आत, स्नायूला विरघळणारे टाके, कातडीला क्लिप.

हे सगळं मी जिवंत उंदरावर शिकले नाही आणि तुम्हीही शिकू नका. दुसऱ्या मंजूर प्रयोगात संपलेल्या उंदरांची शरीरं मागून घ्या आणि पेशींऐवजी रंगीत बारीक मणी वापरा. लागोपाठ दहा मूत्रपिंडांत एकही मणी बाहेर आला नाही, की मग माझ्याकडे या.

शुद्ध येईपर्यंत उंदराजवळून उठायचं नाही. पुढचे दोन-तीन दिवस वेदनाशामक चालू ठेवायचं आणि रोज वजन करायचं. पाठ कमानीसारखी, केस उभे, डोळे मिटलेले दिसले तर त्याला दुखतंय. सुरुवातीच्या वजनात वीस टक्के घट झाली तर प्रयोग त्या उंदरापुरता तिथेच संपतो. हा आकडाही पहिल्या पानावर लिहिलेला असतो, म्हणजे ऐनवेळी ‘अजून एक आठवडा बघू’ असं कुणी म्हणत नाही.

शुगर उतरल्यावर

शुगर मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसावं. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. पहिले काही आठवडे आकड्यांत काही दिसणार नाही, धीर धरा.

सी-पेप्टाइडसाठी रक्त लागतं आणि २५ ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून जेमतेम दोन मिलीलीटर रक्त असतं. एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही, आणि तेवढं काढलं तर पुढचे दोन आठवडे पुन्हा नाही. म्हणून दोनच थेंबांचं नियोजन करते: सहा तास उपाशी ठेवून एक, आणि पोटात दोन ग्रॅम प्रति किलो ग्लुकोज टोचल्यावर तीस मिनिटांनी दुसरा. २५ ग्रॅमच्या उंदराला वीस टक्के द्रावणाचा पाव मिलीलीटर. दुसऱ्या नमुन्यात सी-पेप्टाइड वाढलं नाही, तर पेशी इन्सुलिन गळतीसारखं सोडत असतील, पण ग्लुकोज ओळखत नाहीत. सहा नंबरचे नमुने आम्ही चाचणीचा संच वाचवायला फ्रीझरमध्ये ठेवून दिले होते. ग्राफ्ट काढल्यानंतर तपासले, तेव्हा मानवी सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य.

खरं तर त्याआधीच कळायला हवं होतं. मानवी आयलेट बसवलेला उंदीर शुगर माणसाच्या पातळीवर आणून ठेवतो, साधारण ८० ते १००. उंदराची स्वतःची पातळी त्याहून वर असते. १३५ हा उंदराचा आकडा होता. तो आमच्यासमोर लिहिलेला होता आणि आम्ही त्याला यश समजलो. ग्राफ्टवाल्या उंदराची शुगर नव्वदीत स्थिरावली की मला आशा वाटते. सव्वाशे-दीडशेत घुटमळली की शंका.

शेवटी ग्राफ्टचं मूत्रपिंड काढायचं. एका मूत्रपिंडावर उंदीर नीट जगतो. मूत्रपिंडाची रक्तवाहिनी आणि मूत्रवाहिनी दुहेरी गाठ मारून मगच कापा. त्यानंतर रोज शुगर मोजा. ग्राफ्ट खरा असेल तर ती वेगाने चढते. ती चढली की पुरावा मिळाला, आणखी दिवस त्या उंदराला तसं ठेवू नका.

ग्राफ्ट फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, टाकाल तेव्हा उंदराचं स्वादुपिंडही वेगळ्या बाटलीत टाका आणि दोन्हींवर तोच नंबर लिहा. दोन्हींच्या काचपट्ट्या एकाच दिवशी, एकाच हाताने रंगवा. आधी स्वादुपिंडाची पट्टी बघा.